मीठ बरणीचा आकार घेतं, मग ते द्रव का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी सातवीत आहे. स्थायू, द्रव, वायू हा धडा नुकताच झाला. ‘स्थायूला निश्चित आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो’ हे वाचून तिनं विचारलं, की मीठही बरणीचा आकार घेतं, मग ते द्रव का नाही? त्यामागोमाग आणखी चार प्रश्न आले: तूप स्थायू की द्रव, स्पंज स्थायू असून दाबला कसा जातो, चहाची वाफ वायू असून दिसते कशी, आणि कापूर न वितळता लहान कसा होतो? शाळेत ‘पुस्तकात आहे तेवढं लिही’ असं उत्तर मिळालं. आता हे घरी कसं समजवायचं, असं आईनं विचारलं आहे.

मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो. ताई, तुमच्या लेकीचे पाचही प्रश्न बरोबर आहेत. पुस्तकातली व्याख्याही बरोबर आहे. घोळ होतो तो व्याख्या कशाला लावायची इथे. ती लावायची एका दाण्याला, आणि आपण लावतो बरणीला.

काळ्या कागदावर मिठाचे चार दाणे टाका आणि भिंगातून बघा. बारीक ठोकळे दिसतील, काहींचे कोपरे झिजलेले. तो ठोकळा वाटीत ठेवा, बरणीत ठेवा, तळहातावर ठेवा, ठोकळाच राहतो. भांड्याचा आकार घेतला तो ढिगानं, दाण्यानं नाही. आणि ढिगानंही पुरता घेतलेला नसतो. बरणी तिरकी करा आणि पुन्हा सरळ ठेवा, मिठाचा वरचा भाग उतरता राहील, पाणी मात्र लगेच सपाट होईल. मिठाची रास होते, पाण्याची होत नाही. वाळू, रवा, साखर, गव्हाचं पीठ, सगळ्यांना हीच कसोटी लावा. खरंखुरं द्रव मीठ बघायचं असेल तर ते ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, घरच्या गॅसवरच्या कढईत ते जमायचं नाही.

स्पंजाचं उत्तर लहान आहे. दाबल्यावर बाहेर पडते ती त्याच्या भोकांतली हवा. स्पंजाचा स्वतःचा पदार्थ फक्त वाकतो आणि सोडला की पूर्ववत होतो. कोरडा स्पंज पाण्यात बुडवून पिळलात तर बुडबुडे येतात, तेवढा पुरावा पुरे.

तुपाचा प्रश्न मात्र मला स्वतःला फार आवडतो, कारण तिथे ‘स्थायू की द्रव’ हा प्रश्नच चुकतो. बर्फ शून्य अंशाला वितळतो, एका ठरावीक बिंदूला, कारण तो एकाच पदार्थाचा आहे. तूप हे अनेक प्रकारच्या स्निग्ध घटकांचं मिश्रण. त्यातले काही घटक कमी तापमानाला वितळतात, काही जास्त तापमानाला. म्हणून तुपाला एक द्रवणांक नसतो, ते हळूहळू मऊ होत जातं. छान कढवलेलं रवाळ तूप घ्या. त्यातला रवा म्हणजे थिजलेल्या घटकांचे स्थायू कण, आणि त्या कणांमधून भरलेलं असतं ते पातळ तूप. एकाच चमच्यात दोन अवस्था नांदत असतात. सातवीच्या पेपरात ‘तूप : स्थायू / द्रव’ असा पर्याय देणाऱ्यानं कोणत्या महिन्यातलं आणि कोणत्या गावातलं तूप ते सांगायला हवं. मे महिन्यात नागपूरला तुपाची धार लागते, जानेवारीत नाशिकला चमचा रोवून उभा राहतो.

मुद्दा हाच आहे, आणि माझ्या मते पूर्ण धड्यात तो एकच पक्का करायला हवा. स्थायू, द्रव, वायू ही पदार्थाची जात नव्हे. ती त्या तापमानाला आणि त्या दाबाला त्याच्या कणांची असलेली अवस्था. पारा ‘द्रव धातू’ म्हणून पाठ करतात, पण उणे ३९ अंशांच्या आसपास तोही गोठतो. गॅलियम नावाचा धातू साधारण ३० अंशांना वितळतो, म्हणजे महाबळेश्वरला थंडीत स्थायू आणि विदर्भात उन्हाळ्यात द्रव. सिलिंडरमधला गॅस आतमध्ये बहुतांश द्रवच असतो. सिलिंडर बदलणारा माणूस तो हलवून बघतो तेव्हा आत डचमळतं, ते ऐकलंच असेल. दाबाखाली द्रव झालेले प्रोपेन-ब्यूटेन बाहेरच्या मोकळ्या दाबाला आले की वायू होतात.

आता कणांचं चित्र. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज पुस्तकातल्या स्थायू, द्रव, वायू अशा तीन चौकटींमुळे होतात. पहिल्या चौकटीत गोळे दाटीवाटीनं, दुसरीत बऱ्यापैकी सुटे, तिसरीत चार-पाच विखुरलेले. बघणाऱ्याला वाटतं की द्रव म्हणजे स्थायू आणि वायू यांच्या बरोबर मधलं काहीतरी. तसं नाही. द्रवातले कण जवळपास स्थायूइतकेच चिकटून असतात. बहुतेक पदार्थ वितळताना जरासेच फुगतात. फरक असतो तो शिस्तीचा. स्थायूत प्रत्येक कण आपल्या जागी राहून थरथरतो. द्रवात कण एकमेकांना खेटूनच असतात पण जागा बदलू शकतात, शेजाऱ्याच्या बाजूनं सरकू शकतात. म्हणून ते वाहतं. एकादशीच्या रांगेत बसून असलेले वारकरी आणि दर्शनाला पुढे सरकणारे वारकरी, गर्दी दोन्हीकडे तेवढीच.

खरी झेप द्रवातून वायूत जाताना असते. १ मिलिलिटर पाण्याची १०० अंशांना साधारण १७०० मिलिलिटर वाफ होते. म्हणजे कणांमधलं अंतर सुमारे बारा पट वाढतं. मुलीला चित्र काढायचं असेल तर द्रवाच्या चौकटीत गोळे एकमेकांना टेकलेले पण वेडेवाकडे काढायला सांगा. पुस्तकातलं चित्र थोडं वेगळं असलं तरी त्याचे गुण कापले जाणार नाहीत.

हे पडताळायला औषधाच्या दुकानातून बिनसुईची १० मिलिलिटरची सिरिंज आणा. हवा भरून तोंडाशी बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबा. निम्म्यापर्यंत जातो, सोडला की मागे येतो. मग पाणी भरून तेच करा, बुडबुडा न ठेवता. दट्ट्या हलत नाही. वर्गात सगळ्यात दांडगा मुलगा उठून येतो, लाल होईपर्यंत दाबतो, आणि ओशाळून परत बसतो. पाण्यात दाबायला मोकळी जागाच नाही, हे त्यानंतर कुणाला लिहून द्यावं लागत नाही.

हवेला वस्तुमान असतं यावरही मुलांचा विश्वास बसत नाही. ‘वर्गातल्या हवेचं वजन किती?’ असं विचारलं की ‘शून्य’ ते ‘एक किलो’ अशी उत्तरं येतात. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच वर्ग घ्या. १६८ घनमीटर झाले. एका घनमीटरला साधारण १.२ किलो हवा, म्हणजे सुमारे दोनशे किलो. तीन-चार मोठी माणसं!

आता वाफ. इथे दोष आपल्या भाषेचा आहे, मुलांचा नाही. चहाच्या पातेल्यावर जे पांढरं दिसतं त्याला आपण वाफ म्हणतो, आणि पुस्तक म्हणतं की पाण्याची वाफ हा वायू आहे, रंगहीन आहे. मग दिसते कशी? दिसतं ते बारीक थेंबांचं धुकं, म्हणजे द्रव. खरी वाफ दिसतच नाही. चोचीची किटली उकळू द्या आणि चोचीच्या अगदी तोंडाशी लांबूनच नीट बघा. पहिला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर काहीच दिसत नाही, आणि त्यापुढे पांढरं सुरू होतं. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत वायू आहे. हात मात्र तिथे घालू देऊ नका. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट असतो, कारण १०० अंशांच्या वाफेचं पाणी होताना दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता त्वचेला मिळते. त्या पाण्यातून पुढे अंगाच्या तापमानापर्यंत येताना सुटणारी साठेक कॅलरी वेगळीच.

याच्याच जोडीला एक प्रश्न विचारून बघा. पाणी खळखळा उकळतं तेव्हा बुडबुड्यांत काय असतं? दहापैकी आठ मुलं ‘हवा’ सांगतात. पालकसभेत विचारलं तेव्हा पालकांचंही प्रमाण फारसं वेगळं नव्हतं. सुरुवातीला भांड्याच्या कडेला चिकटलेले बारीक बुडबुडे असतात, ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे. नंतरचे मोठे बुडबुडे पाण्याच्याच बाष्पाचे.

भाषेचा दुसरा खड्डा ‘विरघळणे’. आपण बोलताना ‘बर्फ विरघळला’ म्हणतो आणि ‘साखर विरघळली’ही म्हणतो. पहिल्यात एकच पदार्थ, उष्णता मिळाली आणि अवस्था बदलली, त्याला वितळणं म्हणायचं. दुसऱ्यात दोन पदार्थ, साखर पाण्यात मिसळली, उष्णता देण्याचीही गरज नाही. उत्तरपत्रिकेत ही अदलाबदल मी हजारो वेळा लाल केली आहे आणि मग स्टाफरूममध्ये ‘आइस्क्रीम विरघळतंय, खा लवकर’ असं स्वतःच म्हटलं आहे. गंमत म्हणजे गोठण्याला आपल्याकडे किती शब्द! पाणी गोठतं, खोबरेल थिजतं, तूप साकळतं. आजोबा मदतीला बसले तर तेही एक भर घालतील, कारण त्यांच्या पिढीत ‘घन, द्रव, वायू’ होतं. घन म्हणजेच स्थायू, एवढं सांगून टाका. आणि ‘आकार’ व ‘आकारमान’ यांतला फरक तर लिहून भिंतीवर लावा. पाण्याला निश्चित आकार नाही पण निश्चित आकारमान आहे. लिटरभर पाणी पातेल्यातून परातीत ओतलं तरी ते लिटरभरच. वायूला दोन्ही नाही.

आता थोडं उकळण्याबद्दल. काही वर्षं मी घाटमाथ्यावरच्या एका शाळेत होतो, महाबळेश्वरच्या उंचीवर म्हणा ना, समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास. नववीचं प्रात्यक्षिक होतं पाण्याचा उत्कलनांक मोजण्याचं. बीकर, स्पिरिटचा दिवा, स्टँडला अडकवलेला थर्मामीटर. पाणी चांगलं खळखळत होतं. मी जर्नलं तपासली, सगळ्यांचं उत्तर १०० अंश. एका मुलीच्या पानावर मात्र ‘९५.५’ लिहून खोडलेलं होतं आणि शेजारी १००. विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, ‘‘सर, आमचा थर्मामीटर बिघडलाय.’’ मी दुसरा दिला. तोही तेवढाच. मग तिसरा. त्या टेबलाभोवती हळूहळू सगळा वर्ग गोळा झाला आणि एकेक जण कबूल व्हायला लागला, की सर, आमचाही ९५-९६च होता.

थर्मामीटर ठीकच होते. पाणी उकळतं केव्हा? आतून बाष्पाचा बुडबुडा तयार होऊन तो वरच्या हवेच्या दाबाला पुरून उरेल तेव्हा. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून कमी तापमानाला जमतं. ढोबळ हिशेब असा की दर ३०० मीटर चढलं की उत्कलनांक साधारण १ अंश उतरतो. मुंबईत १००, पुण्यात ९८, आमच्या त्या शाळेत साडेपंच्याण्णव, लेहमध्ये ८८च्या आसपास. लेहला पाणी लवकर उकळतं पण डाळ शिजता शिजत नाही, कारण डाळीला उकळ्यांशी देणंघेणं नाही, तिला तापमान लागतं. कुकर नेमकं उलट करतो. आत दाब दुपटीच्या जवळ नेतो, आणि पाणी १२० अंशांपर्यंत उकळतच नाही. ती खाडाखोड असलेलं पान मी पूर्ण गुण देऊन परत केलं. खाली लिहिलं, ‘खोडलेलं बरोबर आहे’.

बर्फाच्या प्रयोगातही हेच होतं. बर्फाच्या चुऱ्यात थर्मामीटर ठेवून दर दोन मिनिटांनी वाचन घ्यायचं. ०, ०, ०, ०. चौथ्या शून्याला मुलं अस्वस्थ होतात आणि मनानं १, ३, ५ लिहितात. उष्णता तर चालू आहे, मग पारा चढत का नाही? कारण ती सगळी उष्णता कणांना जागेवरून सुटं करण्यात खर्च होते, त्यांचा वेग वाढवण्यात नाही. हीच अप्रकट उष्मा. १ ग्रॅम बर्फाला ८० कॅलरी. म्हणजे बर्फाचं शून्य अंशाचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं! सरबतात बर्फाचा खडा टाकला की थंडगार होतं, आणि तेवढंच शून्य अंशाचं पाणी ओतलं तर फारसं होत नाही, ते यामुळे.

माठाचंही गणित याच घरातलं. बाष्पीभवन उकळल्याशिवायही होतं, कोणत्याही तापमानाला, फक्त पृष्ठभागावरून. सगळ्यात जलद कण निसटतात, मागे मंद कण राहतात, म्हणजे उरलेलं पाणी गार. नेहमीच्या तापमानाला १ ग्रॅम पाणी उडायला साधारण ५८० कॅलरी लागतात. ५ लिटरच्या माठातलं पाणी १० अंशांनी उतरायला हिशेबानं जेमतेम ९० ग्रॅम पाणी उडावं लागतं, बाहेरची उष्णता आत येते ती सोडून. पण हवा आधीच दमट असेल तर पाणी उडणार कुठे? म्हणून तोच माठ अकोल्यात जीव थंड करतो आणि रत्नागिरीत ‘बरं आहे’ एवढंच. विदर्भात घराघरांत कूलर आणि मुंबईत त्याचा उपयोग नाही, हेही तेच. वर्गात हा प्रश्न मी विचारतो तेव्हा बदली होऊन आलेल्या नोकरदारांची मुलं सगळ्यात आधी हात वर करतात.

कापराबद्दल. देवघरातली वडी दिवसेंदिवस लहान होते आणि खाली ओल दिसत नाही. स्थायूतून थेट वायूत जाणं, म्हणजे संप्लवन. कपाटातल्या डांबरगोळ्यांचंही तेच. मात्र ‘कापूर वितळतच नाही’ असं मुलं लिहितात, ते चूक. तापवला तर तो १७५ ते १८० अंशांच्या दरम्यान वितळतो, डांबरगोळी तर ८० अंशांनाच. फक्त साध्या तापमानाला त्यांचे कण स्थायूवरूनच इतके सुटतात की वितळायची वेळ येत नाही. डबीत मिरे टाकून कापूर टिकतो असं आजी सांगते. माझा भरवसा घट्ट झाकणावर.

चौथी आणि पाचवी अवस्था म्हणून प्लाझ्मा आणि बोस-आइन्स्टाइन संघनन यांची नावं लेकीनं यूट्यूबवर ऐकली असतीलच. प्लाझ्मा म्हणजे इतका ऊर्जावान वायू की त्यातल्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेत. वीज, जुनी ट्यूबलाइट आणि सूर्य ही उदाहरणं पुरेत. दुसरी अवस्था सत्येंद्रनाथ बोस आणि आइन्स्टाइन यांच्या १९२४-२५च्या कामातून सुचली आणि प्रयोगशाळेत १९९५ साली मिळाली, निरपेक्ष शून्याच्या (ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूच्या) वर एका अंशाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी तापमानाला. सातवीत याहून खोलात जाऊ नये असं माझं मत आहे. पाचव्या अवस्थेचं नाव घडाघडा सांगणारी आणि बुडबुड्यात हवा असते म्हणणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत.

त्यापेक्षा तिला श्रीखंड दाखवा. चमच्यानं वाढलं की ताटात तसंच उभं राहतं, म्हणजे स्थायूसारखं. बोटानं ढकललं की सरकतं, म्हणजे द्रवासारखं. टूथपेस्टही तशीच. ही मिश्रणं आहेत, द्रवात बारीक स्थायू कण गुंतलेले, आणि ती तीन चौकटींत बसत नाहीत. परीक्षेत आलं तर कारण लिहावं, घरी असेल तर खावं.

एक प्रयोग तिनं एकटीनं करावा. पारदर्शक बाटलीतलं खोबरेल तेल फ्रिजमध्ये ठेवून थिजवायचं, थिजल्यावर मध्ये पडलेला खळगा बघायचा, आणि कडेच्या पातळीवर पेनानं खूण करायची. मग बाटली कोमट पाण्यात उभी करून पातळी कुठे येते ते पाहायचं. अर्धवट वितळलेलं असताना थिजलेला गोळा तळाशी बसतो की बर्फासारखा वर तरंगतो, तेही नोंदवायचं. शेजारी ग्लासात पाणी आणि बर्फाचा खडा ठेवा. दोघांचं वागणं उलटं का, हा प्रश्न आधी तिला पडू द्या. उत्तर काय काढते ते मला कळवा, मग पाण्याच्या ४ अंशांच्या विचित्रपणाबद्दल सविस्तर लिहितो.